वाटीभर कोथिंबीर म्हणजे किती ग्रॅम? : 'तीनास एक' या नियमाचे परीक्षण



'एकके आणि मापन' हे प्रकरण तुम्ही पहिल्या सत्रात शिकता, परीक्षेत त्यावरचा प्रश्न सोडवता आणि विसरून जाता. मीही ते वर्षानुवर्षे शिकवून विसरलो होतो. ते पुन्हा नीट वाचावे लागले, ते एका फसलेल्या भाजीमुळे.

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाच्या स्नेहसंमेलनात दीडशे जणांचे जेवण होते. मेथी-मटर-मलाईसाठी निवडलेली मेथी ३ किलो लागणार होती. आदल्या दिवशी बाजारात चांगली मेथी मिळाली नाही, म्हणून कसुरी मेथी वापरायचे ठरले. किती घ्यायची हा प्रश्न माझ्याकडे आला, कारण हिशेबाचा माणूस मी. एका पाककृतीच्या पुस्तकाच्या शेवटी तक्ता होता : ताजा पाला तीन भाग असेल तर सुका एक भाग. मी ३ किलोला १ किलो असा हिशेब केला. २५ ग्रॅमच्या ४० पुड्या आल्या. त्यांचा ढीग बघून आचारी म्हणाले, "सर, एवढी?" मी त्यांना तक्ता दाखवला. भाजी इतकी कडू झाली की बहुतेक सगळी टाकून द्यावी लागली.

तक्ता छापील होता आणि माझा भागाकार बरोबर होता. तरी उत्तर चुकले. चूक नेमकी कुठे होती, हे शोधणे हाच या टिपणाचा विषय आहे. स्वयंपाकात कोथिंबीर, पुदिना, मेथी, शेपू यांसारख्या सुगंधी पाल्याचे माप कधी वाटीत, कधी ग्रॅममध्ये, कधी जुडीत दिलेले असते. एका मापातून दुसऱ्यात जाण्यासाठी जे तक्ते आणि नियम प्रचलित आहेत, त्यांचे परीक्षण आपण अभियांत्रिकीच्या शिस्तीने करू.

१. नियम काय सांगतो आणि काय सांगत नाही

नियम असा : ताजा पाला ३ माप, तर सुका पाला १ माप. लक्षात ठेवायला सोपे जावे म्हणून तो 'एक टेबलस्पून ताजे म्हणजे एक टीस्पून सुके' असाही सांगतात, कारण १५ मिलीलिटरच्या टेबलस्पूनमध्ये ५ मिलीलिटरचे तीन टीस्पून मावतात. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलीलिटरचा धरतात. म्हणजे तेच वाक्य तिथे वाचले की नियम आपोआप 'चारास एक' होतो. शब्द बदलले नाहीत, पण गुणोत्तर बदलले.

नियमातला 'भाग' हा शब्द पाहा. तो भाग आकारमानाचा आहे, म्हणजे चमच्याला चमचा, वाटीला वाटी. पण माझ्या तक्त्यात ते लिहिलेले नव्हते आणि मी ते विचारले नाही. मी आकारमानाचे गुणोत्तर वस्तुमानाला लावले. गुणोत्तराला एकक नसते, म्हणून ते कुठेही लावता येते असे आपल्याला वाटते. एकक नसले तरी ते कोणत्या राशींचे गुणोत्तर आहे हे सांगावेच लागते.

वस्तुमानाने हिशेब करायचा असता तर तो पाण्याच्या प्रमाणावरून करायला हवा होता. मेथीच्या ताज्या पानात सुमारे ८६ टक्के पाणी असते. म्हणजे ३ किलो पानांत घन भाग जेमतेम ४२० ग्रॅम. सुकवल्यावर थोडा ओलावा शिल्लक राहतो, तो धरला तरी साडेचारशे ग्रॅमच्या आसपास कसुरी मेथी पुरे होती. मी दुपटीहून जास्त घातली. आणि हा हिशेबही फक्त वस्तुमानाचा आहे, चवीचा नाही. त्याकडे पुढे येऊ.

२. नियम तपासून पाहू

आता नियमाला त्याच्याच मैदानात, म्हणजे आकारमानात, तपासू. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या अन्नघटक सारणीत बऱ्याच पाल्यांची चमच्यातली व कपातली वजने आणि पाण्याचे प्रमाण दिलेले आहे. त्यातील तीन पाल्यांचे आकडे घेऊ. कसोटी साधी आहे : तीन टेबलस्पून ताज्या पाल्यात जेवढा घन भाग आहे, तेवढाच एक टेबलस्पून सुक्या पाल्यात असावा.

पार्सली (कोथिंबिरीसारखा दिसणारा, पाश्चात्त्य स्वयंपाकातला पाला) : चिरलेली ताजी पार्सली १ टेबलस्पून म्हणजे ३.८ ग्रॅम, पाणी सुमारे ८८ टक्के. तीन टेबलस्पुनांत घन भाग १.४ ग्रॅम. सुकी पार्सली १ टेबलस्पून १.६ ग्रॅम, त्यात घन भाग १.५ ग्रॅम. नियम छान जुळला.

कोथिंबीर : ताजी पाव कप म्हणजे ४ ग्रॅम. पाव कपात ४ टेबलस्पून असतात, म्हणून टेबलस्पूनला १ ग्रॅम. पाणी ९२ टक्के. तीन टेबलस्पुनांत घन भाग सुमारे ०.२३ ग्रॅम. सुकी कोथिंबीर १ टेबलस्पून १.८ ग्रॅम, त्यात घन भाग सुमारे १.७ ग्रॅम. म्हणजे सुका चमचा सात पटींनी जड पडला. इथे नियम 'एकवीसास एक' असा व्हायला हवा.

पुदिना (आपल्याकडे घरोघरी असतो त्या जातीचा) : ताजा २ टेबलस्पून म्हणजे ११.४ ग्रॅम, पाणी सुमारे ८६ टक्के. एका टेबलस्पुनात घन भाग ०.८ ग्रॅम. सुका १ टेबलस्पून १.६ ग्रॅम, घन भाग १.४ ग्रॅम. इथे गुणोत्तर दोनासही एक नाही, जेमतेम 'पावणेदोनास एक' आहे.

एकच नियम, तीन पाले, आणि उत्तरे १.७, ३.२ व २१. पार्सलीपुरता हा नियम उत्तम आहे. तो कोथिंबिरीला लावणे म्हणजे लोखंडाचा प्रसरणांक पितळेला लावण्यासारखे आहे. 'सुगंधी पाला' हा स्वयंपाकातला एक गट आहे, भौतिकशास्त्रातला नाही.

३. सारणीवरही डोळे झाकून विश्वास नको

आतापर्यंत मी सारणीचे आकडे प्रमाण मानले. आता त्याच सारणीतली एक जोडी पाहा. वर दिलेल्या पुदिन्याचे २ टेबलस्पून ११.४ ग्रॅम भरतात. त्याच सारणीत त्याच्या शेजारच्या ओळीत पेपरमिंट आहे. तोही पुदिन्याचाच भाऊबंद, पानेही तशीच. त्याचे २ टेबलस्पून फक्त ३.२ ग्रॅम. साडेतीन पटींचा फरक! दोन्ही पाने पाण्यानेच भरलेली आहेत. पानाची स्वतःची घनता एकाची दुसऱ्याहून साडेतीन पट असू शकत नाही. मग फरक कशाचा? एक पाला बारीक चिरून चमच्यात दाबलेला असावा आणि दुसरा सैल भरलेला, हेच स्पष्टीकरण सर्वांत जवळचे वाटते. पण या दोन ओळींपुढे चिरण्या-दाबण्याची नोंद नाही. आकडा आहे, कृती नाही.

विदेशी तुळस, म्हणजे बेझिल, हे तर आणखी बोलके उदाहरण आहे, कारण तिथे सारणी पाल्याची अवस्था सांगते. अख्खी पाने पाव कप ६ ग्रॅम, म्हणजे कपाला २४ ग्रॅम. चिरलेली २ टेबलस्पून ५.३ ग्रॅम, म्हणजे कपाला सुमारे ४२ ग्रॅम. तेच झाड, तेच पान, फक्त सुरी फिरली आणि 'रूपांतर गुणांक' पावणेदोन पट झाला.

याचे कारण तुम्ही माती किंवा काँक्रीटच्या तासाला शिकला आहात. भांड्यात भरलेल्या सुट्या पदार्थाला दोन घनता असतात : कणाची स्वतःची घनता, आणि मधल्या पोकळ्यांसकट सगळ्या ढिगाची स्थूल घनता. पाण्याला पोकळी नसते, म्हणून मिलीलिटरला एक ग्रॅम हे घरोघरी खरे ठरते. साखरेचे दाणे साधारण एकसारखे बसतात, म्हणून कपाला २०० ग्रॅम हा आकडा विश्वासाचा आहे. पान मात्र पातळ, वाकणारे, देठाने अडकणारे असते. वरच्या कोथिंबिरीचा हिशेब करा : कप २३७ मिलीलिटरचा, कोथिंबीर १६ ग्रॅम. ढिगाची घनता मिलीलिटरला ०.०७ ग्रॅमही नाही. पानाची स्वतःची घनता पाण्याच्या जवळपास असते. म्हणजे त्या कपात नव्वद टक्क्यांहून जास्त हवा आहे. वाटीभर कोथिंबीर मोजताना आपण मुख्यतः हवा मोजतो, आणि ती किती हे बोटांच्या दाबावर ठरते.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे : ग्रॅम आणि वाटी यांच्यातला गुणांक हा पाल्याचा गुणधर्म नाही. तो पाला, चिरणे आणि भरणे या तिन्हींचा मिळून गुणधर्म आहे. कृती न सांगता नुसता आकडा देणारा तक्ता अर्धवट आहे. अशा तक्त्यात '१ कप = १५.८ ग्रॅम' असे दशांश दिलेले दिसले तर अधिक सावध व्हा. पहिलाच अंक डगमगता असताना तिसरा अंक लिहिणे म्हणजे अचूकतेचा नुसता देखावा.

४. भांडण कोणत्या चुकीवर करायचे?

मापांची चर्चा सुरू झाली की बहुतेक लोक कपावर भांडतात. अमेरिकन कप २३६.६ मिलीलिटर, तिथल्याच पोषण-लेबलांवरचा २४०, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानमधला २००. आपल्या वाटीला तर प्रमाणच नाही. हे फरक खरे आहेत. पण त्यांचा आकार पाहा : २३६.६ आणि २४० यांत दीड टक्का, २३६.६ आणि २५० यांत सहा टक्क्यांहून कमी. अगदी जपानी आणि ऑस्ट्रेलियन कप समोरासमोर ठेवले तरी पंचवीस टक्के. दाबण्या-चिरण्याने पडणारा फरक दीडशे-दोनशे टक्क्यांचा असू शकतो. अनिश्चिततेचा हिशेब मांडताना आधी सर्वांत मोठे पद शोधायचे, हे तुम्ही प्रयोगशाळेत शिकला आहात. इथे सर्वांत मोठे पद कप नाही, बोटे आहेत.

उलट आपल्या घरच्या वाटीवर होणारी टीका मला अर्धीच पटते. तांदूळ एक वाटी आणि पाणी दोन वाट्या म्हटले की वाटी केवढीही असो, गुणोत्तर टिकते. ही सोय फार शहाणपणाची आहे. फक्त ती पाल्याला पुरत नाही, कारण तिथे वाटी बदलली नाही तरी वाटीतला ऐवज बदलतो.

आणि आपल्या भाषेतच एक खोच आहे. 'एक वाटी कोथिंबीर, बारीक चिरून' आणि 'बारीक चिरलेली कोथिंबीर, एक वाटी' ही दोन वाक्ये एकच वाटतात. पहिल्यात आधी मोजायची आहे, मग चिरायची. दुसऱ्यात आधी चिरायची, मग मोजायची. बेझिलच्या आकड्यांवरून पाहिले तर या शब्दक्रमाची किंमत पावणेदोन पट आहे. पाककृती लिहिणाऱ्यांपैकी थोडेच हा भेद जाणून पाळतात. तुम्ही हिंदी, तमिळ, बंगाली वा आणखी कुठल्या भाषेत पाककृती वाचत असाल तर तिथे हा भेद कसा केला जातो ते जरूर पाहा.

५. मग सगळे वजनानेच करावे का?

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, वाट्या-चमचे टाकून द्या आणि काटा घ्या. ही घाई नको. वजनाच्याही दोन मर्यादा आहेत.

पहिली लघुतम मापाची. घरच्या डिजिटल काट्याचे लघुतम माप बहुधा १ ग्रॅम असते. सुका पुदिना एक टीस्पून म्हणजे ०.५ ग्रॅम. तो त्या काट्यावर ठेवला तर काटा शून्य दाखवेल किंवा एक. दोन्ही उत्तरे निरुपयोगी. सपाट केलेला चमचा इथे काट्यापेक्षा कितीतरी भरवशाचा आहे. 'वजन हेच शास्त्रीय' असे सरसकट म्हणणारे हे विसरतात की उपकरण राशीच्या आकाराला साजेसे असावे लागते. सोनाराच्या तराजूवर कोणी गव्हाचे पोते तोलत नाही, आणि पोत्याच्या काट्यावर अंगठी.

दुसरी मर्यादा अवस्थेची. वजनातही लपलेल्या गोष्टी असतात. 'कोथिंबीर ५० ग्रॅम' म्हणजे देठांसकट की नुसती पाने? धुण्याआधी की धुतल्यावर? धुतलेल्या पाल्याच्या अंगावर राहिलेले पाणी काटा इमानदारीने मोजतो. सकाळची टवटवीत जुडी संध्याकाळी कोमेजते तेव्हा पाला तोच असतो, पाणी गेलेले असते आणि वजन उतरलेले असते. हे फरक वाटीइतके मोठे नसतात, पण शून्यही नसतात.

म्हणून 'वजन की आकारमान' हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. दीडशे माणसांच्या भाजीला ताजा पाला वजनानेच घ्यावा, तोही निवडून आणि निथळून. चार माणसांच्या रायत्यातला सुका पुदिना चमच्यानेच घ्यावा. आणि वरून भुरभुरायची कोथिंबीर हाताने घ्यावी, कारण तिथे वीस टक्के इकडे-तिकडे झाल्याने काही बिघडत नाही. जिथे चुकीने नुकसान होत नाही तिथे अचूकतेचा खर्च करायचा नसतो. यंत्राच्या आराखड्यात प्रत्येक मापाला वेगवेगळी सूट देतो, ती याच कारणाने.

६. जे रूपांतर होतच नाही

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. वरची सगळी आकडेमोड घन भाग टिकतो या गृहीतकावर उभी आहे. पण पाला आपण घन भागासाठी घालत नाही, वासासाठी घालतो. वास देणारी द्रव्ये उडनशील असतात आणि सुकवताना सगळ्या पाल्यांत ती सारखी टिकत नाहीत. ओवाफुलाचे सत्त्व असलेले थाइम किंवा ऑरेगॅनो सुकवल्यावरही आपला वास बऱ्यापैकी राखतात. कोथिंबिरीचा ओळखीचा ताजा वास ज्या अल्डिहाइड वर्गातील द्रव्यांमुळे येतो, ती सुकवताना बहुतांश निघून जातात. म्हणून कोथिंबिरीचा गुणांक २१ आहे असे मी वर दाखवले असले, तरी त्याचा उपयोग शून्य आहे. एकवीस चमचे ताज्या कोथिंबिरीच्या जागी एक चमचा सुकी घातली तर घन भाग जुळेल, चटणी जुळणार नाही.

कसुरी मेथीचे तर आणखी वेगळे. ती ताज्या मेथीची आटवलेली आवृत्ती नाही. सुकल्यावर तिला स्वतःचा निराळा वास येतो, आणि म्हणूनच ती चिमूटभर, शेवटी, चुरून घालतात. त्या दिवशी मी साडेचारशे ग्रॅमचा बरोबर हिशेब केला असता तरी भाजी अपेक्षेसारखी झाली नसती. पालेभाजी म्हणून जी वस्तू लागणार होती तिच्या जागी मी मसाला मोजत होतो. आचाऱ्यांच्या "सर, एवढी?" या दोन शब्दांत हे सगळे ज्ञान होते. अंदाजाने उत्तर तपासून पाहणे ही अभियंत्याची पहिली सवय. ती त्या दिवशी त्यांच्याकडे होती. माझ्याकडे तक्ता होता.

७. चांगल्या मापाची लक्षणे

टीका करणाऱ्याने पर्यायही द्यायला हवा. पाल्याचे माप लिहिताना किंवा वाचताना पुढील चार गोष्टी तपासा.

एक, अवस्था लिहिली आहे का : ताजा की सुका, देठांसकट की पाने, अख्खी की चिरलेली, सैल की दाबून.

दोन, गुणोत्तर दिले असेल तर ते वजनाचे की आकारमानाचे हे सांगितले आहे का.

तीन, आकड्यातले अंक मापनाला शोभतात का. '१५.८ ग्रॅम'पेक्षा '१५ ते २० ग्रॅम' हे अधिक प्रामाणिक.

चार, ही अदलाबदल मुळात करण्याजोगी आहे का.

आणि स्वतःच्या घरासाठी उसना तक्ता वापरू नका. आपली वाटी, आपली सुरी, आपला हात घेऊन एकदा मोजा. तोच गुणांक तुमच्या कामाचा.

स्वाध्याय

१. एक जुडी कोथिंबीर निवडून, निथळून घ्या. त्याच वाटीने अख्खी पाने, जाड चिरलेली आणि बारीक चिरलेली अशी तीन प्रकारे, प्रत्येकी पाच वेळा मोजा. सरासरी आणि सर्वांत मोठा-लहान यांतील अंतर लिहा. मग हेच काम घरातल्या दुसऱ्या माणसाकडून करून घ्या. दोन हातांतला फरक मोठा आहे की दोन चिरण्यांतला?

२. पार्सलीच्या आकड्यांत पाण्याचे प्रमाण ८८ ऐवजी ८५ टक्के धरले तर नियम कितपत टिकतो?

३. वसतिगृहाच्या खाणावळीत २०० जणांची पुदिन्याची चटणी करायची आहे. पाककृती चार जणांची असून तिच्यात 'पाऊण वाटी पुदिना' एवढेच लिहिले आहे. हिशेब करण्याआधी तुम्ही कोणते प्रश्न विचाराल आणि कोणाला? उत्तरात आचाऱ्यांना वगळू नका.